लेट मार्क टाळायचाय? सरासरी सोडा, प्रमाण विचलन काढा

डोंबिवलीहून अंधेरीच्या एमआयडीसीत जायला किती वेळ लागतो, असं कुणालाही विचारा. उत्तर येतं, ‘दीड-पावणेदोन तास धरून चाला.’ या दीड आणि पावणेदोनच्या मधल्या पाव तासातच लेट मार्क लागतो. दीड तासाच्या हिशेबाने निघालं की आठवड्यातून एकदा तरी पंचिंग मशीनपर्यंत धावत जावं लागतं, आणि पावणेदोनच्या हिशेबाने निघालं की पोराचा डबा सासूबाईंवर टाकून जावं लागतं. मी बरीच वर्षं प्रवास दहा मिनिटांनी कमी कसा होईल याच्याच मागे होते. प्रवास लांबचा आहे हे मान्य करून टाकलं होतं, पण तो रोज वेगळा का लागतो हे कधी मोजलंच नव्हतं.

हा रोजचा चढउतार मोजायचं माप म्हणजे प्रमाण विचलन, म्हणजेच स्टँडर्ड डेव्हिएशन. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी 1890च्या दशकात हे नाव रूढ केलं. आपण ते परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं, पण कामाला लावायला एक वही आणि दोन आठवडे पुरतात.

आधी नोंद

कामाचे दहा दिवस घ्या, आणि फक्त सकाळचा प्रवास. एकूण वेळ तर लिहाच, पण प्रवासाचे टप्पेही पाडा. माझे चार होते: घरापासून फलाटापर्यंत चालत; तिथे थांबणं धरून फास्ट लोकलने घाटकोपर; घाटकोपरचा पूल, तपासणीची रांग आणि मेट्रोने चकाला; चकाल्याहून शेअर रिक्षाने ऑफिस, रिक्षाच्या लाइनीतला वेळ धरून.

डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी आकडे टाइप करायला हात मोकळा नसतो. मी घरून निघताना आणि मग प्रत्येक टप्पा संपला की स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर एक टिंब पाठवायचे. वेळ आपोआप पडते. रात्री पाच टिंबांवरून मिनिटं वहीत उतरवायची, शेजारी शेऱ्याचा रकाना ठेवायचा: ‘सिग्नल बिघाड’, ‘पाऊस’, ‘सोमवार’. वाईट दिवस गाळू नका. त्यांच्याचसाठी हे सगळं चाललंय.

आकडेमोड

माझे दहा दिवस, मिनिटांत: 88, 92, 85, 97, 90, 118, 87, 94, 91, 98. बेरीज 940, सरासरी 94.

आता प्रत्येक दिवसातून 94 वजा करा: -6, -2, -9, 3, -4, 24, -7, 0, -3, 4. यांची बेरीज शून्यच येते, म्हणून नुसती सरासरी घेऊन काही कळत नाही. वर्ग करा: 36, 4, 81, 9, 16, 576, 49, 0, 9, 16. बेरीज 796. तिला 9ने भागा. दहाने नाही, कारण हे दहा दिवस म्हणजे तुमच्या वर्षभराच्या प्रवासाचा नमुना आहे, आणि नमुन्याला एक कमी करून भागायचं असतं. आले 88.4. वर्गमूळ 9.4. म्हणजे माझा प्रवास 94 मिनिटांच्या आसपास साधारण साडेनऊ मिनिटं इकडे-तिकडे होत होता.

हातानं एकदा करून बघा, मग खुशाल स्प्रेडशीटमधलं ‘एसटीडीईव्ही’ हे फंक्शन वापरा. हातानं केल्यावर जे दिसतं ते मशीन दाखवत नाही: 796 पैकी 576 एकट्या त्या 118 मिनिटांच्या दिवसाचे आहेत.

दोष कुठल्या टप्प्याचा?

हाच हिशेब प्रत्येक टप्प्याचा वेगळा करा. माझ्या वहीत चालण्याची सरासरी 12 मिनिटं आणि विचलन 1 निघालं, लोकलचं 38 आणि 4, मेट्रोचं 22 आणि 3, शेअर रिक्षाचं 22 आणि 8.

इथे एक चूक हमखास होते. सरासऱ्यांची सरळ बेरीज चालते, 94 येते. विचलनांची चालत नाही. 1, 4, 3, 8 मिळवून 16 येतात, ते खोटे. बेरीज वर्गांची करायची: 1 + 16 + 9 + 64 = 90, आणि वर्गमूळ 9.5. थेट काढलेल्या 9.4शी हे जवळजवळ जुळतं. किंचित फरक राहतो, कारण टप्पे एकमेकांपासून अगदी सुटे नसतात. घरून यायला दोन मिनिटं जास्त लागली तर फलाटावर तेवढंच कमी थांबावं लागतं. ‘मी रोज आठ सातचीच पकडतो’ म्हणणारा माणूस नेमकं हेच करत असतो. ठरलेली गाडी आधीच्या टप्प्याचा चढउतार गिळून टाकते.

त्या 90 पैकी 64 एकट्या शेअर रिक्षाचे आहेत, हे बघून मी थक्क झाले. मनात कायम लोकललाच दोष देत आले होते. सहा महिने घर ते स्टेशन रिक्षाचे पैसे घालवले होते, तेही वाचलेल्या चार मिनिटांच्या समाधानासाठी. चालण्याचं विचलन शून्यावर आणलं असतं तरी एकूण 9.5चं 9.4 झालं असतं. चकाल्याच्या लाइनीत मात्र एखाद्या दिवशी पाचव्या मिनिटाला रिक्षा मिळायची, तर एखाद्या दिवशी पुढे वीस माणसं आणि समोर एकही रिक्षा नाही.

फक्त तोच टप्पा बदला

ऑक्टोबर 2024 मध्ये भुयारी मेट्रो 3चा आरे ते बीकेसी हा पहिला टप्पा सुरू झाला. तिची मरोळ नाका, एमआयडीसी-अंधेरी आणि सीप्झ ही स्थानकं ओळीने आहेत, आणि मरोळ नाक्याला घाटकोपर-वर्सोवा मेट्रो 1ही थांबते. मग चकाल्यापर्यंत न जाता मी मरोळ नाक्याला उतरून गाडी बदलू लागले. खाली खोलवर जाणं, पुन्हा तपासणी, एक स्टेशन, परत वर येणं, मग थोडं चालणं. पुन्हा दहा दिवस नोंद केली. मेट्रो 1ची मिनिटं थोडी घटली, भुयारीतली वाढली, आणि एकूण सरासरी 94ची 95 झाली. एक मिनिट जास्तच! पण शेवटच्या टप्प्याचं विचलन 8वरून 2वर आलं. आता 1 + 16 + 9 + 4 = 30, वर्गमूळ साडेपाच.

घरून किती वाजता निघायचं?

सरासरीत विचलनाची दुप्पट मिळवा. जुन्या मार्गाने 94 + 19 = 113 मिनिटं, नव्याने 95 + 11 = 106. साडेनऊचं पंचिंग असेल तर आधी 7:37ला निघावं लागायचं, आता 7:44ला. सरासरी एक मिनिटाने वाढली आणि तरीही सकाळची सात मिनिटं घरात मिळाली. डबा मीच भरते आता.

दुपटीचा हा नियम डोळे मिटून वापरू नका. प्रवास लवकर संपला तर किती लवकर संपेल? दहा-बारा मिनिटं. लांबला तर तासभर लांबू शकतो. आकड्यांना एकाच बाजूला शेपूट असतं. रशियन गणितज्ञ चेबिशेव्ह यांचा नियम सांगतो की आकडे कसेही पसरलेले असोत, सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन विचलनांच्या आत किमान 75 टक्के सापडतात. त्याहून जास्त हमी तो देत नाही. म्हणून वहीत मोजून बघा, किती दिवस ती हद्द ओलांडली. माझ्या पहिल्या दहात एकदा, तोच 118वाला दिवस. महत्त्वाची मीटिंग किंवा मुलाखत असेल त्या दिवशी तीन विचलनं मिळवा.

लोकलचं विचलन 4 उरलंय. कसारा-कर्जतहून येणारी गाडी मागचा उशीर सोबत घेऊन येते, डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या गाडीला निदान मागून आलेला उशीर नसतो. पुढचे दहा दिवस मी ती धरणार आहे.

एका वाईट दिवसावरून मार्ग बदलू नका

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 मध्ये कारखान्यातल्या मालासाठी नियंत्रण आलेख, म्हणजे मोजमापं नेहमीच्या हद्दीत आहेत का हे दाखवणारा आलेख, मांडला, तेव्हा दोन प्रकारचे चढउतार वेगळे केले: रोजच्या व्यवस्थेतच मुरलेले, आणि खास कारणाने आलेले. रुळांवर पाणी, ओव्हरहेड वायर तुटणं ही खास कारणं. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. तसल्या दिवसासाठी कुठलंही विचलन कामाचं नाही, त्या दिवशी घरीच थांबायचं असतं. सरासरी अधिक तीन विचलनांच्या पलीकडे गेलेला दिवस शेऱ्यासकट वेगळ्या पानावर लिहा. कारण रोजचंच निघालं तर परत हिशेबात घ्या.

जून ते सप्टेंबरचा हिशेब कोरड्या महिन्यांत मिसळू नका, पावसाळ्यासाठी नवीन पान घ्या. आणि परतीच्या प्रवासाचं पान वेगळं. संध्याकाळी घाटकोपरच्या पुलावर जी कोंडी होते, तिचे आकडे सकाळच्या आकड्यांच्या वळणाने जात नाहीत.