आर्सेनिक, मिथायलेशन आणि सॅम्पल शीट: या चुका टाळा

पर्यावरणीय आरोग्यात पीएचडीला लागलेली मुलं आर, पायथन या प्रोग्रामिंग भाषा शिकतात आणि डेटा हाती आला की लगेच स्क्रिप्ट चालवतात. पण बहुतेक घोटाळे स्क्रिप्टच्या आधीच झालेले असतात.

समजा, कूपनलिकेतलं आर्सेनिकचं पाणी पिणाऱ्यांच्या रक्तातलं डीएनए मिथायलेशन, म्हणजे डीएनएवर लागणाऱ्या मिथाइल गटांच्या रासायनिक खुणा, तपासायच्या आहेत. त्यांचे नमुने आधी आले म्हणून प्रयोगशाळेतल्या एका प्लेटवर (अनेक नमुने एकत्र तपासायच्या तबकडीवर) लागले, कंट्रोलचे, म्हणजे तसं पाणी न पिणाऱ्यांचे, महिनाभराने दुसऱ्या प्लेटवर. पीसीएत, म्हणजे नमुन्यांमधले मोठे फरक एका आलेखात दाखवणाऱ्या विश्लेषणात, दोन गट सुरेख वेगळे दिसतात, विद्यार्थी हरखतो. हा फरक आर्सेनिकचा की प्लेटचा, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. कॉम्बॅटसारखी, प्लेटमुळे आलेला फरक काढून टाकणारी सांख्यिकी दुरुस्तीही इथे हात टेकते, कारण प्लेटचा परिणाम पुसताना आर्सेनिकचाही पुसला जातो. उपाय एकच आणि तो आधीच, सॅम्पल शीट (कुठला नमुना कुठे लावायचा याची यादी) बनवतानाच करायचा: प्रत्येक प्लेटवर, प्रत्येक चिपवर दोन्ही गट यादृच्छिक पद्धतीने लावा आणि दोन-चार नमुने मुद्दाम दोन्ही प्लेटवर ठेवा. यासाठी प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांसोबत अर्धा तास बसा. तो अर्धा तास मला कुठल्याही कोर्सपेक्षा मोलाचा वाटतो.

एपिक अ‍ॅरे या मिथायलेशन मोजणाऱ्या चिपवर डीएनएतल्या साडेआठ लाखांहून जास्त जागा मोजल्या जातात. पी-मूल्याची मर्यादा ०.०५ ठेवलीत, तर काहीच संबंध नसतानाही सुमारे ४२ हजार जागा ‘लक्षणीय’ निघतील. एफडीआर, म्हणजे अशा खोट्या निष्कर्षांचं प्रमाण आवाक्यात ठेवणारी पद्धत, वापरा. यादीत एएचआरआर जनुक सगळ्यात वर आलं, तर आधी कोण सिगारेट ओढतं ते बघा. या जनुकावरचं बदललेलं मिथायलेशन ही धूम्रपानाची ठळक खूण आहे. रक्तातल्या पेशींचं प्रमाणही मॉडेलमध्ये घ्या, कारण मिथायलेशन पेशीगणिक बदलतं.

जनुकांची यादी एक्सेलमध्ये थेट उघडू नका. ‘सेप्ट२’ (SEPT2) या जनुकाच्या नावाची तिथे २ सप्टेंबर होते. या त्रासापायी २०२० मध्ये अशा जनुकांची अधिकृत नावंच बदलली, पण जुन्या फायलींत जुनी नावं आहेतच. तो रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून आयात करा.

आणि लघवीतलं एकूण आर्सेनिक पाहून कुणाला ‘बाधित’ ठरवू नका. समुद्री मासे खाल्ले की लघवीत आर्सेनोबीटेन हा आर्सेनिकचा एक प्रकार येतो. तो जवळपास निरुपद्रवी असतो, पण एकूण आकडा फुगवतो. कोकणात किंवा गोव्यात नमुने घेत असाल, तर हे घडणारच. म्हणून आर्सेनिकचे प्रकार वेगवेगळे मोजून घ्या आणि गेल्या तीन-चार दिवसांत मासे कधी खाल्ले, हा प्रश्न प्रश्नावलीत पहिल्या दिवसापासून ठेवा. सहा महिन्यांनी विचारलं तर कुणालाच आठवत नाही.