नौदलाच्या मालवाहू जहाजाची युद्धकाळातील कामगिरी कशी शोधावी

दुसऱ्या महायुद्धातील मालवाहू जहाजाचा शोध लढायांच्या यादीतून सुरू करू नये, कारण त्याची खरी कामगिरी कोणत्या बंदरात काय भरले आणि कोठे उतरवले, यातच सापडते. अमेरिकी नौदलाच्या ‘सर्पेन्स’ या जहाजाचे उदाहरण घेऊ.

प्रथम जहाजाचा क्रमांक शोधावा, नावावर विसंबू नये. ‘सर्पेन्स’ची बांधणी कॅलिफोर्नियात ‘बेंजामिन एन. कार्डोझो’ या नावाने ‘लिबर्टी’ प्रकारचे, म्हणजे युद्धकाळात मोठ्या संख्येने बांधलेल्या मालवाहू जहाजांपैकी एक, म्हणून झाली. एप्रिल १९४३ मध्ये त्याचे नाव बदलले आणि २८ मे रोजी ते एके-९७ या क्रमांकाने सेवेत दाखल झाले. जहाज नौदलाचे असले तरी त्यावरील खलाशी तटरक्षक दलाचे होते, म्हणून दोन्ही दलांची कागदपत्रे पाहावी लागतात.

त्यानंतर लॉगबुक (जहाजाची रोजची नोंदवही) आणि युद्धदैनंदिनी यांतील नोंदी तारखेनुसार मांडाव्यात. येथे घाई करू नये, कारण ज्या नोंदी कंटाळवाण्या वाटतात त्याच पुढे निर्णायक ठरतात. १९४४ च्या अखेरीस ‘सर्पेन्स’ने दुरुस्तीयोग्य लष्करी वाहने न्यूझीलंडला पोहोचवली आणि तेथे मालाच्या तीन कप्प्यांत दारूगोळा ठेवण्याची सोय करून घेतली. पुढे काय घडले हे समजण्यासाठी ही एक ओळ फार मोलाची आहे: २९ जानेवारी १९४५ रोजी पॅसिफिकमधील सॉलोमन बेटांपैकी ग्वाडलकनालच्या लुंगा पॉइंटजवळ डेप्थ चार्ज (पाणबुडीविरोधी स्फोटके) भरत असताना जहाजाचा स्फोट झाला. कप्तान आणि काही सहकारी किनाऱ्यावर असल्याने वाचले. जहाजावर असलेल्यांपैकी फक्त दोघे वाचले. मृतांमध्ये माल चढवणारे भूदलाचे सैनिकही होते, त्यामुळे केवळ खलाशांच्या हजेरीपटावरून मृतांची यादी केल्यास ही माणसे निसटतात, आणि माझ्या मते अशा शोधातली ही सर्वांत गंभीर चूक ठरते.

कारणाबाबत एकाच कागदावर थांबू नये. प्रारंभी हा स्फोट शत्रूच्या हल्ल्यामुळे झाल्याचे मानले गेले. १९४९ मध्ये मात्र तो शत्रूच्या कारवाईचा परिणाम नसल्याचे अधिकृतरीत्या ठरले. त्याच वर्षी मृतांचे अवशेष अमेरिकेतील आर्लिंग्टन या राष्ट्रीय दफनभूमीत आणून पुन्हा दफन करण्यात आले. तेथील स्मारकावर मृतांची नावे कोरलेली आहेत. आपली यादी त्या नावांशी एकेक करून ताडून पाहावी.