सोलापूरहून इंग्लंडला आलात? ‘हॅव बीन’ पक्कं करा

पोरांनो, बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणली असेलच. सिमकार्ड, बँक खातं, बसचा पास ही कामं होऊन जातात. मी सांगतोय ते ‘हॅव बीन’बद्दल, कारण त्यापायी माझ्या हातचं घर गेलं.

येऊन ६ महिने झाले होते. भाड्याचं घर दाखवणाऱ्या बाईंना मी म्हणालो, ‘आय अ‍ॅम हिअर फॉर सिक्स मंथ्स.’ त्यांना वाटलं, हा सहाच महिन्यांसाठी आलाय. त्यांना वर्षभराचा भाडेकरू हवा होता. म्हणायला हवं होतं, ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर सिक्स मंथ्स.’

आपण म्हणतो, ‘६ महिन्यांपासून राहतोय.’ मागचा सगळा काळ एकटा ‘पासून’ उचलतो. इंग्रजीत तो भार क्रियापदावर येतो: हॅव किंवा हॅज, मग बीन, मग क्रियापदाला इंग. शाळेत याला चालू पूर्ण वर्तमानकाळ म्हणायचे.

शिवाय आपल्या एका ‘पासून’ला तिथं दोन शब्द. किती काळ ते सांगायचं तर फॉर, कुठून सुरू झालं ते सांगायचं तर सिन्स. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपासून खोकला असेल तर ‘आय हॅव बीन कफिंग सिन्स जॅन्युअरी’; तीन आठवडे असेल तर ‘फॉर थ्री वीक्स’. डॉक्टर हेच आधी विचारतात, आणि भरभर बोलताना त्यांचं ‘हॅव’ जवळजवळ गिळलं जातं, ‘बीन’चं ‘बिन’ होतं. कान तयार ठेवा.

नोकरीच्या मुलाखतीत तर फार जपा. ‘आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणालात की ती नोकरी सुटली असा अर्थ होतो. अजून तिथंच असाल तर ‘आय हॅव बीन वर्किंग देअर’.

ओळख, मालकी, आवड यांना मात्र इंग लावू नका. शाळेपासूनचा मित्र असेल तर ‘आय हॅव नोन हिम सिन्स स्कूल’. मोजून सांगतानाही तसंच: सकाळपासून पत्रं लिहिताय तर ‘हॅव बीन रायटिंग’, तीन लिहून झाली तर ‘हॅव रिटन थ्री’.

सराव घरच्या फोनवरच करा. आई म्हणाली, ‘सातपासून वाट बघतेय रे,’ की मनात लगेच फिरवा: शी हॅज बीन वेटिंग सिन्स सेव्हन.