पुण्यातील प्राणी-निवाऱ्यात स्वयंसेवक म्हणून काम करताना

पुण्यात भटक्या आणि जखमी प्राण्यांची शुश्रूषा करणारे निवारे बहुतांशी शहराच्या कडेला आहेत; रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टचे केंद्र बावधनला आहे, तर ब्लू क्रॉस सोसायटीचा निवारा मुंढव्यात. त्यामुळे निवारा निवडताना त्याच्या नावलौकिकापेक्षा आपल्या घरापासूनचे अंतर आधी पाहावे. रविवारी उत्साहाने आलेली आणि पावसाळा सुरू होताच दिसेनाशी झालेली मंडळी प्रत्येक निवाऱ्याने पाहिलेली असतात. आठवड्यातील एकच वार आणि दोन-तीनच तास ठरवावेत, पण ते चुकवू नयेत. कारण त्या वेळेचे काम तुमच्या भरवशावर दुसऱ्या कोणाला दिलेले नसते.

जाण्यापूर्वी दूरध्वनी करून स्वयंसेवकांसाठी वयाची अट, ओळखपत्रे आणि कामाच्या वेळा विचारून घ्याव्यात. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे रेबीजची प्रतिबंधक लस. ती चावा बसल्यावरच घ्यायची असते, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात प्राण्यांमध्ये नियमित वावरणाऱ्यांना ती आधीच दिली जाते. आपल्याकडे तिचे डोस साधारणपणे पहिल्या दिवशी, त्यानंतर सातव्या आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी देतात, म्हणजे ही तयारी महिनाभर आधी सुरू करावी लागते. धनुर्वाताचे इंजेक्शनही डॉक्टरांना विचारून घ्यावे. लस घेतलेली असली तरी चावा बसला किंवा ओरखडा आला, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद किंवा तिखट लावू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण अशा वेळी पुन्हा दोन डोस घ्यावे लागतात. ‘जरासेच खरचटले आहे’ असे म्हणून ही गोष्ट निवाऱ्यातील जबाबदार व्यक्तीपासून लपवणे हा निव्वळ आडमुठेपणा आहे.

सुरुवातीचे काही आठवडे झाडणे, धुणे आणि भांडी घासणे एवढेच काम वाट्याला येते. कुत्र्यांना कुरवाळण्याच्या इच्छेने आलेल्याचा त्यामुळे हिरमोड होतो. परंतु निवाऱ्यात जीव वाचतो तो मुख्यतः या कामामुळेच. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराचा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकू शकतो आणि हाताला लावायच्या सॅनिटायझरला तो दाद देत नाही. म्हणून साफसफाईचा क्रम पाळावा लागतो: आधी निरोगी पिल्ले, मग मोठे निरोगी प्राणी, आणि संसर्गाचे रुग्ण सर्वांत शेवटी. प्रत्येक विभागाचा झाडू आणि बादली त्याच विभागात राहिली पाहिजे. पिंजरा धुताना आधी विष्ठा पूर्ण काढून फरशी साबणाने घासावी, मगच ब्लीचचे पाणी टाकून ते सुमारे दहा मिनिटे तसेच राहू द्यावे. घाणीवर ओतलेल्या ब्लीचचा फारसा उपयोग होत नाही. ब्लीचमध्ये संडास साफ करण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. मांजरांच्या खोलीत फिनाईल वापरू नये, कारण पंजे चाटताना ते त्यांच्या पोटात जाते आणि त्यांच्या यकृताला ते पचवता येत नाही.

प्राण्याजवळ जायची वेळ येते तेव्हा घाई नडते. शेपूट पायात घातलेला, अन्नाची भूक नसतानाही ओठ चाटणारा, डोळ्यांचे पांढरे दिसेल इतकी नजर तिरपी करणारा कुत्रा भ्यालेला असतो. त्याच्यावर वाकू नये आणि डोक्यावर हात नेऊ नये. काही अंतरावर त्याच्याकडे कुशी करून बसावे, नजर दुसरीकडे ठेवावी आणि जवळ यायचे की नाही हे त्याला ठरवू द्यावे. कधी संपूर्ण सकाळ अशी नुसती बसण्यात जाते आणि तीही कामाचीच असते. अडले तर वर्षानुवर्षे पिंजरे सांभाळणाऱ्या दादांना किंवा मावशींना विचारावे. कोणता कुत्रा जेवताना कोणाला जवळ येऊ देत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

अंगावर पिणाऱ्या पिल्लांना गाईचे दूध पाजल्यास जुलाब होऊ शकतात, म्हणून पशुवैद्यांनी सांगितलेले पिल्लांसाठीचे दूधच द्यावे. पाजताना पिल्लू पोटावर पालथे असावे. उताणे धरून पाजले तर दूध फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. घरून कांदा-लसणाचे उरलेले अन्न किंवा शिजवलेल्या कोंबडीची हाडे नेऊ नयेत. जुन्या चादरी आणि टॉवेल मात्र निवाऱ्यांना हवेच असतात.

संक्रांतीच्या सुमारास मांज्यात अडकलेल्या घारी आणि इतर पक्षी येतात. वन्यपक्षी हाताळणे हे नवख्याचे काम नव्हे. तो हवेशीर खोक्यात अंधारात ठेवून प्रशिक्षितांच्या स्वाधीन करावा.

निघताना नोंदवहीत लिहायचे ते नेमके लिहावे: कोणी खाल्ले नाही, कोणाच्या विष्ठेत रक्त दिसले, कोण लंगडत होते. ‘सर्व ठीक’ या नोंदीवरून संध्याकाळी येणाऱ्या पशुवैद्यांना काहीच कळत नाही. घरी कुत्रा किंवा मांजर असल्यास त्याचे लसीकरण पूर्ण असल्याची खात्री असावी. बूट दाराबाहेर काढावेत, कपडे वेगळे धुवावेत आणि स्नान झाल्यावरच त्याला जवळ घ्यावे.