एचआयव्हीची गोळी राहून गेली तर

किशोरवयात डोस चुकतो तो अनेकदा विसरल्याने नव्हे, तर कोणी पाहील या धास्तीने. मित्राकडे मुक्काम असला की हमखास. म्हणून 2 दिवसांच्या गोळ्या साध्या, कोरड्या डबीत दप्तरात असू द्या. बाकीच्या मूळ बाटलीतच, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह. अलार्मला ‘पाणी पी’ एवढंच नाव पुरे.

डोल्युटेग्राव्हिर हे एचआयव्हीचं औषध रोज 1 वेळ असेल, तर राहिलेली गोळी आठवताच घ्या. पुढच्या डोसला 4 तासही उरले नसतील तर ती सोडा; दुप्पट कधीच नको. मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम असलेलं अँटासिड (ॲसिडिटीचं औषध) घेण्याआधी 2 तास किंवा नंतर 6 तासांनी ही गोळी घ्यावी, कारण हे धातू औषधाला बांधून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसं उतरत नाही.

पालकांनो, रागावून विचारलंत तर चुकलेले डोस लपवले जातील.