मे महिन्यातला तंबू आणि तिसऱ्या दिवसाचं श्रीखंड

इंदूरजवळच्या चोरल धरणाच्या काठी दुपारी दोन वाजता आइसबॉक्सचं झाकण उघडलं, तर आत बर्फ नाहीच. नुसतं पाणी, त्यात बारा बाटल्या लोळताहेत आणि श्रीखंडाचा डबा झाकणापर्यंत बुडालेला. सकाळी पाच किलो बर्फ मी स्वतःच्या हातानं घातला होता. "अरे, वाटेत सिमरोलला कुणाला वाटून आलास का?" आत्यानं विचारलं. श्रीखंडात पाणी शिरलेलं. त्याचं पियूष करून पिऊ, असं काकांचं मत पडलं. पण ते पाणी कारखान्यातल्या बर्फाचं होतं, म्हणून ओतून दिलं.

बर्फ कुठे गेला, याचा हिशेब नंतर कागदावर मांडला. पाण्याच्या बाटल्या दुकानाबाहेरच्या क्रेटमधून उचललेल्या, म्हणजे साधारण ३५ अंशांच्या. बारा लिटर पाणी ३५वरून ५ अंशांवर आणायचं म्हणजे ३६० किलोकॅलरी उष्णता काढून घ्यायची. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी शोषतो. भागाकार केला तर साडेचार किलो बर्फ नुसत्या बाटल्यांनीच खाल्ला. ऊन, गाडी, पोरांची झाकणाशी उघडझाप हे सगळं उरलेल्या अर्ध्या किलोच्या जिवावर.

तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे: डब्यात जाणारी प्रत्येक वस्तू आधीच गार हवी. थंड करायचं काम घरच्या फ्रीजनं करावं, बर्फानं फक्त राखण करावी. पुढचं सगळं त्याच हिशेबानं, चार जण आणि दोन रात्री धरून.

तीन दिवस आधी: यादीला कात्री, फ्रीझरला काम

आधी थंडीची गरजच नसलेल्या वस्तू बाजूला काढा. दशम्या, गुळपोळी, शेव, चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी यांना बर्फ लागत नाही. दूध टेट्रापॅकचं घेतलं तर फोडेपर्यंत बाहेर राहतं. पन्ह्याचा गूळ घालून आटवलेला गर बाटलीत भरा, पाणी तिथे मिसळा. अख्खं कलिंगड बाहेर चालतं. कापलं की मात्र ते डब्याचं गिऱ्हाईक झालं. ओल्या नारळाची चटणी आणि घरून केलेला भात सरळ विसरा. इंदुरी शिकंजी न्यायचा मोह मलाही होतो, पण आपली शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे, दुधाचा घट्ट ऐवज आहे. ती इंदूरच्या सराफा बाजारातच प्यावी.

आता बर्फ. बाजारातल्या ट्रेच्या चौकोनी तुकड्यांवर जाऊ नका. तुकडा जितका लहान तितकं त्याचं अंग हवेला जास्त उघडं, तितका तो लवकर वितळतो. एक-दोन लिटरच्या बाटल्या फ्रीझरमध्ये आडव्या लावा. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, म्हणून गळ्याखाली चार बोटं जागा सोडा, नाहीतर सकाळी फ्रीझरमध्ये फुटलेलं प्लास्टिक सापडेल. या बाटल्यांचा खरा फायदा दुसरा: वितळलेलं पाणी बाटलीतच राहतं, अन्नात शिरत नाही आणि पितासुद्धा येतं.

चाळीस लिटरच्या डब्याला मे महिन्यात बारा ते पंधरा किलो बर्फ धरा. एकदारी फ्रीजचा फ्रीझर एवढं एका दमात गोठवू शकत नाही. रोज थोड्या बाटल्या करा आणि गोठलेल्या शेजारच्या काकूंच्या फ्रीझरमध्ये उसन्या ठेवायला द्या. परत येताना त्यांच्यासाठी काहीतरी आणावं लागतं, तेवढं चालतं.

कमी पडलाच तर कारखान्यातून सिल्लीचा तुकडा आणा. (पुण्याची वहिनी त्याला लादी म्हणते आणि सिल्ली ऐकून हसते.) तो जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधूनच डब्यात ठेवा, ग्लासात कधीच नाही. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळसर रंग घालावा, असा नियम २०१८ पासून आहे, पण पांढरा दिसला म्हणजे पिण्याजोगा, असं मी तरी धरून चालत नाही.

श्रीखंड, मुरवलेलं पनीर, कच्चं चिकन हे सगळं गोठवूनच न्या. प्रत्येक गोठलेला डबा म्हणजे खाण्याजोगा बर्फ.

आदल्या रात्री: डबा स्वतः गार करा

गच्चीवरच्या खोलीत पडलेला आइसबॉक्स आतूनही तापलेला असतो. रात्री त्यात दोन गोठलेल्या बाटल्या ठेवून झाकण लावा, त्या सकाळी बदला. महागडा डबा नसला तरी अडत नाही. औषधाच्या दुकानात लशी आणि इन्सुलिन थर्माकोलच्या जाड डब्यांतून येतात. ओळख असेल तर रिकामा डबा मिळून जातो. थर्माकोलमध्ये ९८ टक्के हवाच कोंडलेली असते, उष्णता अडवायचं काम तीच करते. दोन गोष्टी सांभाळा: झाकणाच्या फटीला चिकटपट्टी, आणि पेट्रोलचा कॅन लांब. पेट्रोल लागलं की थर्माकोल विरघळतो. वरून जुनी गोधडी गुंडाळली की साध्या डब्याचा जोर वाढतो.

डबे दोन हवेत. एक पेयांचा, जो पोरं दर दहा मिनिटांनी उघडणारच. दुसरा जेवणाचा, जो दिवसातून तीनदाच उघडायचा. भांडण करून एकाच डब्यावर भागवलंत, तर पहिल्या संध्याकाळी पश्चात्ताप होतो.

सकाळी: भरायची उतरंड

भरणं अगदी निघताना. तळाशी मोठ्या गोठलेल्या बाटल्या. त्यांवर घट्ट झाकणाच्या डब्यात कच्चं चिकन. ते वर ठेवलं आणि पाझरलं तर खालच्या सगळ्यावर ठिबकेल. मग शेवटी लागणाऱ्या वस्तू, सर्वांत वर पहिल्या जेवणाच्या. थंड हवा जड, ती खाली बसते, म्हणून वरच्या थरावरही एक-दोन बाटल्या आडव्या टाका. उरलेल्या पोकळीत वर्तमानपत्राचे बोळे. रिकामी जागा म्हणजे प्रत्येक उघडझापीला आत शिरणारी गरम हवा. झाकणावर आतल्या वस्तूंची चिठ्ठी चिकटवा, म्हणजे लोणी शोधायला झाकण पाच मिनिटं उघडं राहत नाही.

गाडीत डबा डिकीत नको, माणसांच्या पायाशी, एसीच्या वाऱ्यात. आणि घाटाची गंमत ध्यानात ठेवा. इंदूर माळव्याच्या पठारावर आहे. खंडवा रस्त्यानं घाट उतरून बडवाहकडे लागलात की खालचा, जास्त तापणारा निमाड सुरू होतो आणि खिडकीतून येणारा वारा बदलल्याचं अंगाला कळतं. तिकडे महेश्वर किंवा हनुवंतियाला तंबू ठोकणार असाल, तर चोरलपेक्षा दोन-तीन किलो बर्फ जास्त घ्या.

मुक्कामावर

आधी डब्याची सावली शोधा, मग तंबूची. सकाळी सावलीत असलेला डबा दुपारी उन्हात सापडतो, तेव्हा दुपारी कुणीतरी उठून तो हलवायचा. आमच्याकडे हे काम वामकुक्षी न घेणाऱ्या काकांकडे आहे. डबा तापलेल्या जमिनीवर टेकवू नका, खाली दोन फळ्या घाला. वरून ओलं सुती फडकं टाका आणि त्याला वारा लागू द्या.

पिण्याच्या पाण्यासाठी तर बर्फ खर्चूच नका. खापराचा माठ न्या. एक किलो पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता निघून जाते, ती एक किलो बर्फ वितळताना शोषतो त्याच्या सातपट असते, आणि माठ हे फुकट करतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत हे झकास चालतं; जुलैच्या दमट हवेत माठही हात टेकतो. बाटल्या नर्मदेत बुडवून ठेवणारे मी पाहिले आहेत. उन्हाळ्यात त्यानं फोटो छान येतो, बाटली गार होत नाही.

वितळलेलं पाणी लगेच ओतून देऊ नका. त्यात बर्फ तरंगतोय तोवर ते शून्य अंशाच्या आसपासच असतं आणि बाटलीला चहूकडून बिलगतं. अन्नाचे डबे बुडायला लागले तरच काढा.

पाहुणे अचानक आले आणि गरम बाटल्या गार करायच्या आहेत? पातेल्यात फोडलेला बर्फ, तो बुडेल इतकं पाणी आणि दोन मुठी जाडं मीठ. कुल्फीवाल्याची युक्ती, मिठामुळे ते पाणी शून्याच्याही खाली उतरतं. बाटली त्यात गोल फिरवत राहिलात तर थोड्याच वेळात पिण्याजोगी होते. तिथेच विसरलात तर गोठून फुटते.

स्वयंपाकघरात मिळतो तसला साधा थर्मामीटर जेवणाच्या डब्यात टाकून ठेवा. ५ अंशांच्या आत असेल तर निश्चिंत. दही, पनीर, शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांहून जास्त नको. पारा ३२च्या वर असेल तर एकच तास, आणि मेमध्ये दिवसभर तो वरच असतो. वास घेऊन ठरवू नका. पोट बिघडवणाऱ्या सगळ्याच जंतूंना वास नसतो. चिकन पहिल्या रात्रीच संपवा, पनीर दुसऱ्या दिवशी, श्रीखंड शेवटी.

रात्री माळव्याची हवा उतरते. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, असं तिचं कौतुक उगाच करत नाहीत. गोधडी तरीही काढू नका, मे महिन्यातली गार रात्रसुद्धा डब्याच्या आतल्यापेक्षा वीस अंशांनी गरम असते.

गेल्या खेपेला तिसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं डबा उघडला. तळाच्या दोन बाटल्यांत मनगटाएवढा बर्फ शिल्लक होता, श्रीखंडाच्या कडेला अजून कण लागत होते. आम्ही ते दशमीशी खाल्लं, आणि घाट चढून येताना सिमरोलपर्यंत त्या बाटल्यांतलं पाणी प्यायलो.