लेगॉस-२च्या कक्षेवरून गुरुत्वाकर्षणाचा नियम कसा तपासावा

गुरुत्वाकर्षणाचे अनेक पर्यायी सिद्धांत न्यूटनच्या विभवाला (गुरुत्वाकर्षणाच्या स्थितिज ऊर्जेच्या सूत्राला) युकावा स्वरूपाची, म्हणजे ठरावीक पल्ल्यापलीकडे झपाट्याने विरत जाणारी, एक पुस्ती जोडतात. तिची तीव्रता अल्फाने आणि तिचा पल्ला लॅम्डाने दाखवतात. ही पुस्ती खरोखर आहे का, हे पुण्याच्या गणेशखिंडीतल्या एखाद्या वसतिगृहाच्या खोलीतूनही तपासता येते, कारण जगभरच्या लेसर केंद्रांनी मोजलेली उपग्रहांची अंतरे नासाच्या सीडीडीआयएस संग्रहातून नोंदणी केल्यावर विनामूल्य मिळतात.

अशी पुस्ती असेल, तर कक्षेचा उपभू बिंदू, म्हणजे पृथ्वीला सर्वांत जवळचा बिंदू, हळूहळू सरकतो, आणि ते सरकणेच मोजायचे आहे. त्यासाठी उपग्रह लेगॉस-२ हाच घ्यावा. १९९२ साली सोडलेला, ६० सेंटीमीटर व्यासाचा आणि सुमारे ४०५ किलो वजनाचा हा परावर्तकांनी मढवलेला गोळा आहे. १९७६चा पहिला लेगॉस मोहात पाडतो, पण त्याची कक्षा इतकी वर्तुळाकार आहे की तिचा उपभू बिंदू नेमका कुठे आहे, हेच नीट ठरत नाही. लेगॉस-२ची उत्केंद्रता (कक्षा किती लंबगोल आहे याचे माप) ०.०१३५ आणि अर्धदीर्घ अक्ष (कक्षेच्या लांबीचा निम्मा भाग) १२,१६३ किलोमीटर असल्यामुळे पृथ्वीचे केंद्र कक्षेच्या मध्यापासून १६४ किलोमीटर, म्हणजे पुण्याहून मुंबईला रस्त्याने जेवढे पडते त्याहून थोडे जास्त, सरकलेले असते.

आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षतेनुसार हा उपभू बिंदू वर्षाला ३.३५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) पुढे सरकतो. १६४ किलोमीटरच्या भुजेवर हे सुमारे २.७ मीटर होतात. पृथ्वीच्या फुगीरपणामुळे मात्र तोच बिंदू वर्षाला जवळपास १६० अंश फिरतो. म्हणून पृथ्वीचे गुरुत्व मोजणाऱ्या ग्रेस उपग्रह मोहिमेवर आधारलेले चांगले गुरुत्वक्षेत्र, भरती-ओहोटी, सूर्यप्रकाशाचा दाब आणि गोळा असमान तापल्याने बसणारा सूक्ष्म धक्का, हे सारे ओरेकिटसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आधी घालावे लागते.

यानंतर मोजमापांचे १४-१४ दिवसांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची कक्षा स्वतंत्रपणे बसवावी, ती पुढच्या तुकड्याच्या आरंभापर्यंत न्यावी आणि उपभू बिंदूतला फरक नोंदवावा. सापेक्षता वगळली, तर एका तुकड्यात साधारण १० सेंटीमीटरचा फरक साचायला हवा. कक्षा छान जुळावी म्हणून प्रत्येक फेरीला एकदा येणारे काल्पनिक त्वरण जोडण्याची सोय असते. ती येथे कटाक्षाने टाळावी, कारण आपण जे शोधतो आहोत नेमके तेच ती गिळून टाकते.

खऱ्या मोजमापांना हात लावण्यापूर्वी एक चाचणी अनिवार्य समजावी. कृत्रिम मोजमापे तयार करून त्यांत अल्फा एक अब्जांश आणि लॅम्डा ६,००० किलोमीटर अशी पुस्ती मुद्दाम पेरावी. या लॅम्डाला, म्हणजे अर्धदीर्घ अक्षाच्या साधारण निम्म्याला, उपभू बिंदू सर्वाधिक संवेदनशील असतो. वर्षाला ०.८३ विकला परत मिळाल्या पाहिजेत. माझ्या प्रोग्रॅमने पहिल्या खेपेस त्यांचा मागमूसही ठेवला नव्हता, आणि कक्षा मात्र देखणी जुळली होती.

चाचणी पार पडली की खरी मोजमापे घेऊन, लॅम्डाच्या प्रत्येक निवडक मूल्यासाठी अल्फाची मर्यादा काढावी. लॅम्डा फार मोठा घेतल्यास अल्फा पृथ्वीच्या वस्तुमानातच मिसळून जातो, त्यामुळे त्या टोकाची मर्यादा या पद्धतीने देऊ नये.